मोनिवाच्या सुप्रातली डावी सीट

शिरोइशी, ऑक्टोबर

तीर्थस्वरूप इसाओदादा यांस तामोत्सुचा वाकून नमस्कार.

झाओ डोंगराच्या माथ्यावर परवा बर्फाची पहिली रेघ दिसली आणि फुमिए वहिनींच्या गुडघ्यांची आठवण झाली. कसे आहेत गुडघे? तुझी खुशाली विचारत नाही, सत्याहत्तराव्या वर्षीही तू दोन-दोन वाट्या मिसो सूप रिचवतोस हे त्यांनीच कळवलंय. माझी प्रकृती ठणठणीत आहे. डोकं मात्र तपासून घ्या, असं सरकारचं म्हणणं आहे.

पंच्याहत्तरी आली की लायसन वाढवून देण्याआधी स्मरणशक्तीची परीक्षा घेतात, हे तुला सांगायला नको (दोन वर्षांपूर्वी तू पास झालास तेव्हा सगळ्या नात्यागोत्यात फोन केले होतेस). सोळा चित्रं दाखवतात, मधे दुसरंच काहीतरी करायला लावतात आणि मग आठवतील ती लिहा म्हणतात. ढोल होता, शिडी होती, बहुतेक एक कोंबडी होती. आणि एक मोटार होती. दादा, ज्यानं ती काढली तो जन्मात मोटारीखाली वाकलेला नसावा. पुढची चाकं आत, मागची बाहेर, आणि वर पंख. ही गाडी आहे तरी कशासाठी? घाटासाठी म्हणावी तर एवढं लांब नाक कशाला, सर्किटवरच्या शर्यतीसाठी म्हणावी तर हवा आत जायला जागा नाही, तिसऱ्या फेरीला इंजिन उकळलंच म्हणून समज. मी अख्खा कागद त्यावरच भरला. टर्बो कोणता बसवावा तेही सुचवलं. उरलेल्या पंधरा चित्रांना जागाच राहिली नाही. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात डॉक्टरांना दाखवून या म्हणाल्या. तोवर गाडी चालवणं बंद. गेल्या गुरुवारपासून माझी स्कायलाइन शेडमध्ये आणि मी ओसरीवर, दोघंही झाकून ठेवलेले.

बसल्या बसल्या मोनिवाचं सलून आठवतं. काय भांडायचो रे आपण तिघं! तू पोस्टातला माणूस, टपाल टाकून टाकून घाटाचं वळण न् वळण पाठ. तुझं म्हणणं एकच, रस्त्यावर ताकद नको, हलकेपणा हवा. तुझ्या त्या हलक्या गाडीला, हाचीरोकूला, चांगले ब्रेक, चांगले टायर घाला आणि इंजिनाला हात लावू नका. मी गॅरेजवाला, मला सर्किटचं वेड. वेग कुणीही काढतो, वीस फेऱ्या तेल थंड ठेवून दाखवा, असं मी ओरडायचो (माझं अजूनही तेच मत आहे, आणि तेच बरोबर आहे). आणि मोनिवा, हातात वस्तरा, गिऱ्हाइकाचा गळा समोर, म्हणायचा की वळणं ही मोटारींची बदनामी आहे. चारशे मीटर सरळ जा, घरी या, जेवा.

त्या चारशे मीटरपायी त्यानं आपल्या सुप्रा गाडीतून काय काय काढलं! रेडिओ काढला, गालिचा काढला, मागची बैठक काढली, शेवटी डावी सीटही काढली. शर्यतीआधी तीन दिवस भात सोडायचा आणि स्वतःचं डोकं स्वतः भादरायचा. एकदा अकरा सेकंदांच्या आत यायचं राहिलं, अवघ्या चार शतांशानं. घरी येऊन बघतो तर खिशात फुसाको वहिनींनी घातलेला भाताचा गोळा. महिनाभर त्या गोळ्याच्या वजनावरून बोलत होता. बिचाऱ्या वहिनी ऐकून घ्यायच्या आणि गिऱ्हाइकांचे केस झाडायच्या.

फेब्रुवारीत तो गेला. सलूनमध्ये अजून कुणी त्याच्या खुर्चीला हात लावत नाही. मला त्याचा फार राग येतो. वाद अर्धा टाकून कुणी जातं का?

ऑगस्टमध्ये फुसाको वहिनी अळकुड्यांच्या रश्श्याचं भांडं घेऊन आल्या. बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तामोत्सु-सान, ती सीट परत बसवता येईल का? मला एकदा त्या गाडीत बसायचंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सत्तावीस वर्षं त्या बाईनं ती गाडी पुसली, आणि एकदाही तिच्यात बसली नाही. बसणार कुठं? आणि ती सीट कुठं होती ठाऊक आहे? सलूनमध्ये, खिडकीखाली, गिऱ्हाइकांना थांबायला! तिच्यावर आळीपाळीनं बसूनच तू आणि मी इतकी वर्षं अक्कल पाजळली. वहिनी चहा देऊन उभ्या राहायच्या. आपल्यापैकी कुणी उठलं का कधी?

मी तिथल्या तिथं शब्द दिला. सीट बसवली, मागची बैठकही बसवली, सरकारी तपासणीतून गाडी पास करून घेतली. नऊ नोव्हेंबरला, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी, मोनिवा जिथं चारशे मीटर पळवायचा त्या डोंगरावरच्या जुन्या पट्टीपर्यंत त्यांना न्यायचं ठरलं. पट्टीवर आता सौरऊर्जेची पॅनेलं पसरली आहेत, पण फाटकापर्यंतचा रस्ता सरळ आहे. शब्द दिला ऑगस्टमध्ये आणि लायसन गेलं ऑक्टोबरमध्ये. वहिनींना अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. असो. तुला सहज लिहिलं, मागणं काही नाही.

तुझा,
तामोत्सु

ता. क. मागणं आहे. नऊ तारखेला तू ये आणि वहिनींना तू ने. तुझ्या हातात सुप्रा द्यायची म्हणजे वळणांच्या माणसाला सरळ जायला शिकवण्यासारखं आहे, पण आता तिघांत लायसनवाला तूच उरलास.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुझ्या घरी फोन केला. फुमिए वहिनींनी उचलला. तू लायसन एप्रिलमध्येच परत केलंस म्हणे, आणि मला सांगायची लाज वाटते म्हणून फोनवर येत नाहीस. गाढवा, मला सांगायचं नाही तर कुणाला? वरचं वाक्य खोडत नाही, तुझी शिक्षा म्हणून राहू दे.

शेवटचा ता. क. आज जाऊन फुसाको वहिनींना सगळं खरं सांगितलं, मान खाली घालून. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? लायसन माझ्याकडे आहे की. चाळीस वर्षं सलूनच्या छोट्या गाडीतून टॉवेल कोण आणत होतं?" हे दादा, आपल्याला सुचलंच नव्हतं. घाट, सर्किट आणि सरळ पट्टी, तिन्हींचं ज्ञान कोळून प्यायलेल्या आपल्याला ही बाई गाडी चालवते हे सुचलं नव्हतं. मग मी घसा साफ करून विचारलं की डाव्या सीटवर मी बसू की इसाओदादाला बोलावू. त्यांनी मोनिवाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि काच पदराएवढ्या रुमालानं पुसत म्हणाल्या, "तिथं हे बसतील. पट्टा नीट लावते. म्हणावं, आता तुम्ही बसून बघा."

तेव्हा तू आगगाडीनं ये. आपण दोघांनी फाटकापाशी उभं राहायचंय.