तरंगत राहिलेली बोट

ताई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी सुखरूप आहे, हे आधी आईला सांग. हाताला चार टाके पडलेत, पण पेन धरता येतं. तिचा खोकला थांबला का?

वादळात आमची शिडाची बोट सोडावी लागली. सुकाणू मोडलं होतं, आत गुडघाभर पाणी होतं. मदतीला आलेल्या जहाजाने दोराची शिडी टाकली. आमच्या चौघांत वयाने मोठे ते मास्तर. ते म्हणाले, "कप्तान, बोट बुडत नाहीये. थांबू या." मी ओरडलो, "चढा म्हणतो ना!" ते निमूट चढू लागले. एक लाट आली आणि शिडी रिकामी झाली. कप्तान म्हणून मी सगळ्यांत शेवटी चढलो.

काल बोट सापडली, ताई. तरंगत होती.

हे आईला सांगू नकोस.

उद्या मास्तरांची बायको येतेय. सोबतचे दोघं म्हणतात, "पाय घसरला, एवढंच सांग." मी खरं तेच सांगणार आहे. तिने थोबाडीत मारली तर सोसेन. पण "तुम्ही तरी वाचलात" म्हणाली, तर तोंड कुठे लपवू?

तुझा,
धाकटा