माझ्या वाटची संत्रा बर्फी

ती. आईस, कामिनीचा नमस्कार.

फोनवर तू मधातच रडते, म्हणून लिहून राहिली. तब्येत बरी आहे, नोकरीही बरी आहे. त्या पाहुण्यायले मात्र माझ्याकडून नाही म्हणून सांग.

काल सक्करदऱ्याले मावशीच्या घरी ते मले पाहाले आले. मी सगळ्यायले संत्रा बर्फी वाटली अन् माझ्यापुरती उरलीच नाही. तेवढं पाहून पोराची आई खूश! म्हणे, "थोरली आहे, दिसतेच. याच्या मागं आमचे अजून तीन पोट्टे आहेत, सांभाळून घेईल." वरून मावशी म्हणे, "आमची कामिनी जन्मापासूनच समजदार."

जन्मापासून कायची वं? काजल नाहीतर साहिल रडला, की माझ्या हातातलं काढून त्यायले कोण देत होतं? आता हात आपोआप पुढं जातो, अन् लोक त्याले माझा स्वभाव म्हणतात.

काजलचा खोकला थांबला का? पाह्य, इथंही तेच करून राहिली मी.

आज पाव किलो बर्फी आणली अन् एकटीनं खाल्ली. मले ती लहानपणापासून लय आवडते. तुले मालूम होतं का?

बाबाले नमस्कार. लहानायले या वेळी काही नाही.

कामिनी