बाटलीतला बुडबुडा

आप्पा, तुम्ही दिलेली काचेच्या बुचाची बाटली अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मी तीन ऑफिसं बदलली, आणि दर वेळी ती जुन्या मोज्यात गुंडाळून बरोबर नेली. मोहन्याजवळच्या पंपहाउसात तुम्ही पाणी तपासायचात आणि शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या मागे मागे. तुम्ही नदीच्या काठावर उकिडवे बसता, बाटली पाण्यात बुडवून भरता, मग दोन औषधं सोडून बूच घट्ट बसवता आणि मला म्हणता, "हलव." पाण्यात प्राणवायू असला की गाळ तपकिरी येतो, नसला की पांढरा. एकदा मी भरलेल्या बाटलीत बुडबुडा राहिला आणि मी तशीच हलवायला लागले. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत, ओतून टाकलीत. "अगं, बुडबुड्यातली हवा पाण्यात उतरणार. मग तू नदी कुठे तपासलीस?" मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, आठ वेळा भरायला लावलीत, आणि आठव्यांदा जमल्यावर बाटली मलाच देऊन टाकलीत.

आता मी घोडबंदर रोडवरच्या एसी ऑफिसात बसून नाल्यांची गणितं करते. किती सांडपाणी येतं, किती वेगाने वाहतं, प्राणवायू कुठे उतरेल आणि पुढे कुठे सावरेल, हे सगळं समीकरणात घालायचं. तुम्ही हसला असतात. शीळफाट्याच्या पुढे एका नाल्याकाठी मोठी वसाहत येतेय. तिचं पाणी नाल्याला झेपेल का, एवढंच सांगायचं होतं. माझं मॉडेल म्हणालं, झेपेल. तीन वर्षांची मेहनत, आणि माझ्या एकटीच्या सहीचा पहिला रिपोर्ट. फक्त माझे सगळे नमुने सकाळी अकरानंतरचे होते, कारण शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून आमची गाडी त्याआधी पोचतच नाही. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, तेव्हा मेलेलं पाणीही टवटवीत दिसतं; रात्री तेच शेवाळ तो शोषून घेतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी त्यावर फार विचार केला नाही. नाल्याकाठच्या गावातली एक म्हातारी मात्र म्हणाली, "मॅडम, तुमी उन्हाचे येता. सकालचे येऊन बघा, मासली कशी तोंड वर काढते ती." तिच्या विहिरीत याच नाल्याचं पाणी झिरपतं.

मी गेले. उजाडायच्या आधी, तुमचीच बाटली घेऊन. गाळ पांढरा आला, दुधासारखा. साहेबांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "एका रीडिंगवर मॉडेल बदलत नाहीत. उद्या परत घे. पांढराच आला तर रिपोर्ट थांबवू, नाही तर शुक्रवारी पाठव." माणूस वाईट नाही. त्यांनी निर्णय माझ्या हातात दिला, आणि मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या पहाटे मी पुन्हा वाकले, बाटली भरली, औषधं सोडली, बूच बसवलं. गाळ फिकट तपकिरी आला. पहिल्या दिवसाची नोंद 'संशयास्पद' म्हणून वगळली आणि शुक्रवारी रिपोर्ट गेला. ऑफिसात पेढे वाटले, मीही एक खाल्ला. कुंपणानेच शेत खाल्लं, हे तिथे कुणाला कळायचं कारण नव्हतं. म्हातारीकडे मी परत गेले नाही. मला तिची लाज वाटते, आणि तुमची त्याहून जास्त.

हे पत्र मी बाटलीबरोबर त्याच मोज्यात ठेवणार आहे. कुणी मला काही विचारलेलं नाही. तुम्ही असतात तर एकच विचारलं असतंत, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दुसऱ्या पहाटे बुचाखाली हरभऱ्याएवढा बुडबुडा होता, आप्पा. मला तो हलवायच्या आधीच दिसला होता.