चालकाचं नाव

नागपूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय अरू,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत आणि तूही पुण्यात वेळेवर जेवतेस असं धरून चालते. जेवत नाहीस ते माहीत आहे, पण पत्राची सुरुवात भांडणाने नको.

आधी ब्लाऊज घालून बघ. बाह्या सैल वाटल्या तर लगेच कळव, साक्षगंधाच्या आधी शिवणाऱ्या बाईंकडे परत द्यावा लागेल. पार्सल आईने भरलंय. कुरियरवाला दारात आला की ती सुटे पैसे आणायला आत जाईल, तेवढ्यात मी हे पत्र घडीत सरकवणार आहे. हसू नकोस. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला रडते नाहीतर भांडते, आणि आपल्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे आई शेजारी आणि बाबा दारात.

इकडे थंडी पडली. कळमन्यात संत्र्याची आवक जोरात आहे, बाबा उजाडताच अडतीवर पळतात. हॉल ठरला, जेवणाचं ठरलं, जिलेबी की बालूशाही यावरून आई आणि काकू बोलेनाशा झाल्या आहेत.

आता गाडीचं.

"ट्रेलरले धक्का लागला, अंकितच्या हाताले जरासं लागलं," एवढंच आईने तुला सांगितलं. ते खरं नाही, अरू. अंकितच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. माझ्या रेसच्या गाडीचा नट न् नट त्या हाताने बसला होता. आठवडा उलटून गेला त्याला.

त्या रविवारी आम्ही ऑटोक्रॉसच्या शर्यतीला निघालो होतो. जीपमागे ट्रेलर, ट्रेलरवर माझी लाल गाडी. मिहानच्या पुढे एक पट्टा सैल वाटला म्हणून मी जीप रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या रेषेच्या बाहेर घेतली. लख्ख ऊन होतं. अंकित मागे जाऊन पट्टा आवळत होता, मी जीपच्या दाराशी पाणी पीत होते. एक गाडी सरळ येऊन ट्रेलरवर आदळली. माझी लाल गाडी उडी मारून जीपवर आली. आतला लोखंडी पिंजरा, जो उलटून पडले तरी मला वाचवणार होता, तो चपटा झाला. आणि अंकित ओरडला. माणूस असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं.

विम्याचं ऐक, म्हणजे थोडं हसशील तरी. आमच्या कंपनीचा सर्व्हेअर आला. सज्जन माणूस. गाडीभोवती फिरला, नंबरप्लेट शोधली. म्हटलं, रेसची गाडी आहे, रस्त्यावर चालवत नाही, म्हणून तर ट्रेलरवर होती. तो म्हणाला, "मग मॅडम, आमच्या हिशोबाने ही गाडी नाही. सामान हाय." जीपचा विमा आहे, ट्रेलरचा आहे, सामानाचा नाही. तीन वर्षं मी पगारातला पैसा न् पैसा जिच्यात ओतला ती सामान! मी त्याला असं काही बोलले की तो बिचारा चहा न घेता गेला. जाताना दारातून एवढं सांगितलं की ज्याने धडक दिली त्याच्या विम्यातून मागा. पोलिसांत गुन्हा नोंदवा, चालकाचं नाव द्या, तुमची भरपाई होईल आणि त्या पोराच्या हाताचीही.

चालकाचं नाव देवाजी, असं पोलिसांनी लिहून घेतलं आहे.

ती गाडी गांधीबागेतल्या सोयऱ्यांची होती, अरू. तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांची, नवी घेतलेली. देवाजी त्यांचा ड्रायव्हर, आणि शेजारी पियुष. ते बुटीबोरीकडच्या त्यांच्या शेतावर निघाले होते. हे तुला कोणीच सांगितलं नाही ना? पियुषनेही नाही? मला वाटलं होतं तो तरी सांगेल.

त्याच संध्याकाळी त्याचे वडील घरी आले. मिठाईचा डबा घेऊन आले, अरू, आणि अंकित तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होता! म्हणाले, "बेटा, घरातलीच गोष्ट हाय. देवाजीच्या नावानं केस होऊन जाऊ दे. विमा आहे, समद्याइचं भागते." बाबा माझ्याकडे बघेनात. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोयऱ्यावर कोणी उलटते का वं? पोरीची सुपारी फुटली हाय." मी म्हटलं, "उलटायचा काय संबंध? खरं काय ते सांगायचं." तर म्हणाले, "तुले काहून एवढं खरं पाहिजे?"

मी वर लिहिलं ते पुन्हा वाच. "पोलिसांनी लिहून घेतलं आहे." मी असं लिहिलं, कारण दुसरं लिहायला हात धजत नव्हता.

गाडी पियुष चालवत होता.

मी त्याला पाहिलं. मी मागे धावले तेव्हा तो स्टिअरिंगवर होता, हातात फोन. आमची नजरानजर झाली. मग तो उतरला, आणि मला वाटलं, आता अंकितकडे येतोय. तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, देवाजीला हाताला धरून बाहेर ओढलं आणि चालकाच्या दाराकडे ढकललं. हे सगळं होईपर्यंत अंकित पट्ट्यात हात अडकून ओरडत होता. मी एकटीच तो पट्टा सोडवायला झटत होते. दोघं आले ते नंतर.

त्याच्या परदेशाच्या व्हिसाचं काम चालू आहे, गुन्हा नोंदला तर ते अडेल, असं त्याचे वडील म्हणतात. तो वाईट मुलगा नाही, असंही म्हणतात. असेल. घाबरला असेल. मीही घाबरले होते. पण तो जागा बदलताना मी पाहिलाय आणि डोळे मिटले की तेच दिसतं.

अंकित वाकलेला होता, त्याने काही पाहिलं नाही. देवाजी दवाखान्याच्या जिन्यात भेटला. मी विचारलं, "काहून कबूल केलं गा?" तर हात जोडले आणि जिना उतरून गेला. म्हणजे पाहणारी मी एकटी. सोमवारी ठाण्यात माझा जबाब आहे, आणि त्यांच्या विमा कंपनीचा माणूसही तिथेच येणार आहे. देवाजीचं नाव घेतलं तर अंकितला पैसे मिळतात, बाबांची सोयरीक राहते, तुझं लग्न होतं. बिघडतं ते देवाजीचं. आणि तुझं, जन्मभर, तुला न कळता.

आईने मला तुझी शपथ घातली आहे, फोनवर तुला यातला एक शब्द सांगायचा नाही. मी फोनवर सांगितलेलं नाही.

तुला न विचारता जबाब दिला तर तुझं लग्न मी मोडलं असं होईल, आणि न देता राहिले तर तुला तोंड कसं दाखवू? मला समजत नाही, अरू. एवढी मोठी झाले, दुसऱ्यांना अक्कल शिकवते, आणि हे समजत नाही. सोमवारच्या आत कळव.

तुझ्यापासून आठ दिवस लपलेली,
मेघाताई


पुणे,
गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. ब्लाऊज घातला नाही.

पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. हे कुरियरने पाठवतेय, कारण मलाही फोनवर जमणार नाही. तू मला विचारलंस, म्हणून मला आधी हे सांगायला हवं.

त्याच्या हातातल्या फोनवर मी होते.

तो मला व्हिडिओवर नवी गाडी दाखवत होता. मध्येच समोरच्या काचेतून लांब काहीतरी लाल दिसलं. मी ओरडले, "अय्या, ही तर ताईची गाडी! दाखव ना, जवळून दाखव." त्याने फोन उचलून समोर धरला. मला आधी ट्रेलर दिसला, मग निळी कॅप घातलेलं कोणीतरी वाकलेलं दिसलं. मग आवाज झाला आणि अंधार.

काही दिसत नव्हतं, पण कॉल चालू होता. अंकितदादाचं ओरडणं मी ऐकलं. तू "सुरी द्या, सुरी द्या" म्हणत होतीस ते ऐकलं. आणि त्याआधी, अगदी जवळून, त्याचा आवाज. "देवाजी, तू बस तिथं. लवकर बस."

संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, जरासं घासलं, कोणाला काही नाही, फोन हातातून निसटला. मी "बरं" म्हटलं. ताई, मी "बरं" म्हटलं! मग आईने सांगितलं, थोडं लागलं, तेही मी मानलं. कारण "जवळून दाखव" मी म्हटलं होतं आणि मला कोणी विचारायला नको होतं. रोज रात्री त्याच्याशी बोलले, हॉलमधल्या फुलांचे रंग ठरवले. तुझं पत्र येईपर्यंत बोटांचं मला ठाऊक नव्हतं, पण ते ओरडणं थोड्याशा लागण्याचं नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

त्याने त्या संध्याकाळी खरं सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूने ठाण्यात उभी राहिले असते. चूक दोघांची होती, दोघांनी भोगली असती. त्याने माझ्या बहिणीकडे पाहिलं, खाली उतरला आणि तिला एकटीला टाकून पलीकडे गेला. त्याच्याबरोबर मला कुठल्याही देशात जायचं नाही.

तू माझं लग्न मोडत नाहीयेस. बाबांना आणि आईला तू काही सांगू नकोस, मी येऊन सांगते. रविवारी सकाळी पोचते. आधी अंकितदादाला भेटेन, मग देवाजींना, मग घर. त्या कॉलची वेळ माझ्या फोनमध्ये आहे, ती विमावाल्यांना दाखवू.

सोमवारी चालकाचं नाव विचारतील, तेव्हा पियुषचं सांग. तो फोनवर कोणाशी बोलत होता विचारलं तर गप्प राहा. ते उत्तर माझं आहे, मी तुझ्या शेजारीच बसलेली असेन.

तुझीच,
अरुंधती