घोडनदीच्या भिंतीचा रंग

५ जानेवारी, रविवार

भिंत साच्यातून निघाली आणि शहाबानोभाभी म्हणाल्या, "भाऊजी, बर्फी झकास पडलीय. कापू का?"

अपमान होता, पण रास्त होता. सगळे दगड एका मापाचे, सांधे पट्टीने आखल्यासारखे, वर पांढरंशुभ्र प्लॅस्टर. वर्खाची तेवढी उणीव.

भाभींचा नवरा आणि माझा दोस्त मुजीब, त्याच्या माडीवर खेळण्यातलं शिरूर स्टेशन उभं राहतंय. शिरूरला रेल्वे नाही. ती यावी म्हणून मी आजवर किती बातम्या लिहिल्या, ते संपादकांना आठवत नाही आणि मलाही आठवून घ्यायचं नाही. शेवटी मुजीबच म्हणाला, "कागदावर आणून येत न्हाई, तर फळीवर आणू." तो दौंडचा, मालगाडीचा लोको पायलट. म्हणजे खरी गाडी चालवून घरी येतो आणि चहा पिऊन खोटी चालवतो. रूळ, तारा, सिग्नल त्याचे. डोंगर, नदी आणि दगड माझे. जन्माने मी शिरूरचा, त्यामुळे घोडनदीच्या काठची दगडी भिंत ओघानेच माझ्याकडे आली. रूळ नदीला लागून जातो. भिंत नसेल तर पहिल्या पुरात स्टेशन जाईल, असं त्याचं म्हणणं. फळीवर पूर येत नाही, हा माझा मुद्दा त्याने विचारात घेतला नाही.

८ जानेवारी

शिरूरला जाऊन आलो. कांद्याच्या बाजाराची बातमी होती. तिच्या आडून नदीकाठी जाऊन बसलो. तिथल्या जुन्या भिंतीचा दगड धुळीने पार पिवळट पडलाय. लहानपणी कसा होता — निळसर काळा, ओला झाला की कावळ्याच्या पंखासारखा. फळीवर तसाच करणार. ऱ्हास दाखवायला वर्तमानपत्र आहेच.

१२ जानेवारी, रविवार

प्लॅस्टर सोडलं. दाट थर्माकोलच्या पाटीवर रिकाम्या रिफिलने एकेक दगड कोरला. उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. फार सुंदर शब्द, व्याकरणात कुठे बसवता येईल याचा विचार करतोय. कोपऱ्याला मोठे घडीव दगड, मध्ये लहानमोठे, फटींत चिपा. थोड्या वेळाने हात आपोआप एकसारखे दगड काढू लागतो. मग उठायचं, खाली जाऊन भाभींचा चहा प्यायचा, आधी काय कोरलं ते विसरायचं आणि परत बसायचं. शेवटी चांदीच्या कागदाचा बोळा सगळीकडून दाबला. दगडाला खरखर आली.

मुजीब वाकून वाकून बघत होता.

"पंडित, पानी कुठनं निघनार?" शाळेत संस्कृतचं बक्षीस मिळाल्यापासून मी त्याचा पंडित आहे.

"कुठलं पाणी?"

"भिंतीमागच्या मातीतलं. भोकं न्हाईत. एका पावसाळ्यात भिंतीचं पोट फुगंल, आन् भिंत नदीत. तिच्यामागनं माझी गाडी."

"तुझी गाडी वीतभर आहे."

"वीतभर असली तरी माझी हाय."

भोकं पाडली. शिवाय भिंत ताठ न ठेवता किंचित मागे रेलून बसवली, हेही त्याचंच. ताठ भिंत आधी पडती, म्हणाला. मला उद्देशून नसावं.

१३ जानेवारी

रंग दिला. रंगाचं खातं पूर्णपणे माझं, यावर आमच्यात करारच आहे. आधी सरसकट दगडाचा रंग. मग पातळ काळं पाणी, ते सांध्यांत उतरतं आणि दगड सुटे दिसू लागतात. मग जवळजवळ कोरडा ब्रश वरच्यावर फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. भोकांखाली ओघळ, पाण्याच्या रेषेवर शेवाळ. अगदी माझ्या लहानपणीचा पाषाण!

मुजीब बराच वेळ बघत राहिला. "बरं हाय," म्हणाला. दौंडात याहून मोठी स्तुती होत नाही.

१६ जानेवारी

पुण्याला कार्यालयात बैठक. एका पोराने विचारलं, "सर, मोजे दोन रंगांचे का?" तरुण पत्रकारांना बातमीपेक्षा लोकांच्या पायांकडे बघायला वेळ फार.

१९ जानेवारी, रविवार

भिंतीला काहीतरी झालंय. मळकट, तपकिरी. गेल्या सोमवारची कावळ्याच्या पंखाची झाक नाहीशी.

"सुकल्यावर रंग उतरतो," मुजीब म्हणाला आणि सिग्नलच्या तारेत डोकं घालून बसला.

असेल. पुन्हा दिला, या वेळी जरा सढळ हाताने.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाच्या बातम्या पाठवून मुजीबकडे. भिंत पुन्हा मळकी! आणि या खेपेला ब्रश ओला. मी ब्रश त्याच्या नाकासमोर धरला.

"जरासा हात फिरवला," तो म्हणाला. "शेवाळाजवळ. दोन-चार दगडांवर."

"सगळी भिंत फिरलीय. हा दगड आहे का चिंच?"

"मला तर दगडच दिसतो."

"आणि मी दिलेला?"

त्याने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. "तुझा बी चांगलाच व्हता, पंडित."

२७ जानेवारी

काल घरी येताना एक विचार आला, तो आज सकाळपासून जात नाही.

मुजीब लबाडी करत नाही. त्याला खरंच तो रंग दगडाचा दिसतोय. म्हणजे त्याचे डोळे बिघडताहेत. चिंचेचा रंग आणि काळा पाषाण ज्याला सारखाच दिसतो, तो माणूस लाल-हिरव्याच्या भरवशावर अख्खी मालगाडी घेऊन रोज धावतो.

त्याची वैद्यकीय तपासणी गेल्याच वर्षी झाली. पुढची बरीच लांब. त्याआधी कुणी बोललं आणि डोळे खोटे ठरले, तर इंजिन सुटलं. कुठल्यातरी टेबलामागे बसवतील. त्याचे वडील वाफेच्या इंजिनावर होते. बापाने हातात कोळशाचं फावडं दिलं तेव्हा हा शाळेतसुद्धा जात नव्हता. टेबलामागचा मुजीब मला डोळ्यांपुढे आणता येत नाही.

अप्रिय सत्य बोलू नये, असं संस्कृतात सांगून ठेवलंय. सांगणाऱ्याचा मित्र मालगाडी चालवत नसावा.

२ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा घेतली, त्याला कळू न देता. बाटल्यांची लेबलं आधीच सोलून ठेवली होती. म्हणालो, "जरा हिरवा दे." दिला. "लाल?" दिला. "काळा?" दिला. मला तो तपकिरी वाटला, म्हणून परत केला. त्याने तो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी बाटली दिली. ती बरोबर काळी निघाली.

म्हणजे लाल-हिरवं अजून शाबूत आहे, गडबड काळ्या-तपकिरीत आहे. पण सुरुवात अशीच होत असणार. आज काळा चुकला, उद्या हिरवा चुकेल. मी डॉक्टर नाही, पण तर्कशास्त्र शिकलोय.

६ फेब्रुवारी

भाभींना सांगितलं. मुजीब ड्यूटीवर होता, त्या ओट्याशी भाकरी करत होत्या. शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं. त्यांचा हात परातीतच थांबला.

"कवापासून?"

"तीन आठवडे तरी."

"मी रोज निघताना एवढंच म्हणते, सिग्नल बघून जावा. दुसरं कायबी न्हाई म्हणत." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुमची खात्री हाय ना?"

"पूर्ण."

तव्यावरची भाकरी जळाली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतलीच नाही.

मी बरोबर केलं. गाडीच्या वाटेत उभं असलेलं कुणी मुजीबला न दिसण्यापेक्षा मुजीबने मला तोंड न दाखवलेलं परवडलं.

९ फेब्रुवारी, रविवार

जावं की न जावं करत गेलोच. मुजीब माडीवर होता. फळीवरची गाडी बंद. त्याचा ड्यूटीचा डबा खाली ओट्यावर पालथा घातलेला दिसला होता, तेव्हाच मनात काय ते आलं.

"तू बानोला सांगितलंस."

"हो."

"मला सांगायचं व्हतं."

"ऐकलं असतंस?"

"न्हाई. पन सांगायचं व्हतं."

मग म्हणाला, काल तो स्वतःच साहेबांकडे गेला. माझे डोळे तपासा, तवर इंजिनावर घेऊ नका, असं सांगून आला. लेखी.

मी म्हणालो, "अरे, आधी बाहेर कुठेतरी गुपचूप तपासून घ्यायचं. लेखी कशाला?"

"हे बघ," तो म्हणाला. "एका भिंतीचे दोघांना दोन रंग दिसत्यात. म्हंजी दोघांतला एक जन चुकतोय. कोन, ते मागनं बघू. ज्याच्या मागं गाडी हाय त्यानं आधी उतरायचं."

याला मोठं मन म्हणतात. 'दोघांतला एक' हे तर त्याने निव्वळ माझ्या समाधानासाठी घातलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "काहीही निकाल येवो, ही भिंत आपण दोघं मिळून पुरी करू. रंग मी सांभाळतो."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

१३ फेब्रुवारी

गावाला बातमी लागलीय, आणि ती मी दिलेली नाही. चहाच्या गाडीवर एकाने विचारलं, "मुजीबभाईचे डोळे गेले म्हंत्यात, खरं का?" मी त्याला विचारलं, तुमचे कान कुणी तपासलेत का?

मुजीब घरात बसून आहे. शायना, त्याची लेक, पुण्याहून फोन करून रडली. त्याने तिला सांगितलं, "रडू नको, तुझा बाप काय रुळावरनं घसरला न्हाई."

संध्याकाळी त्याला बळेच स्कूटरवर मागे बसवून फिरायला नेलं. वाटेत एका गतिरोधकावर आदळलो. पट्टे मारायचे कष्ट कुणी घेत नाही. मुजीब मागून सारखा, "हळू. समोर बघ. म्हैस हाय." म्हैस मी पाहिलीच होती, फक्त ती सावली आहे असं मला वाटलं होतं. हातातलं इंजिन सुटलं की माणूस किती भित्रा होतो!

१७ फेब्रुवारी

आज त्याची तपासणी. मला बरोबर येऊ दिलं नाही. दिवसभर एक ओळ लिहून झाली नाही. साखर कारखान्याच्या सभेची बातमी अध्यक्षांशिवायच गेली.

तो नापास झाला तर त्याच्या दारात मी कोणत्या तोंडाने जाणार? आणि पास झाला तर — पण तसं होणार नाही. मी भिंत पाहिलीय.

१८ फेब्रुवारी

मुजीब पास. रंगांच्या तपासणीत एकही चूक नाही. उद्यापासून इंजिनावर.

सांगायला तो स्वतः घरी आला. मी त्याला मिठी मारली आणि म्हणालो, "मग भिंतीचं काय?"

"भिंत निळी व्हती, पंडित. तू दर बारीला निळीच करत व्हतास. मी तुझ्यामागनं काळी करत व्हतो. बानोला इचार."

मग त्याने हात पुढे केला.

"स्कूटरची किल्ली दे."

दिली.