समोरचंच घर

मॅडिसन, गुरुवार

प्रिय आई,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

टपाली मतांची पाकिटं तपासणारी म्हणून आज मी कोर्टात साक्ष दिली. प्रत्येक पाकिटावर साक्षीदाराची सही आणि पत्ता लागतो; आस्ट्रिड आजी आणि शेजाऱ्यांच्या पाकिटांवर साक्षीदार तू आहेस. पत्त्याच्या जागी तू ‘समोरचंच घर’ लिहिलंस.

“कुणाच्या समोरचं, बाई?” न्यायाधीशांनी विचारलं. लोक हसले. सही माझ्या आईची आहे, हे मी सांगितलं. पत्ता अपुरा आहे, हेही सांगितलं.

पत्ता ग्राह्य धरला नाही, तर ती मतं बाद होतील. निवडणुकीचा निकाल तेवढ्याच मतांवर अडला आहे.

पुढच्या आठवड्यात तुला कोर्टाचं बोलावणं येईल. घर कुठे विचारलं, तर रस्ता आणि क्रमांक सांग. ‘गावात सगळ्यांना ठाऊक आहे’ असं म्हणू नकोस.

जाड कोट घालून ये. मी कोर्टाच्या दाराशी असेन.

तुझीच,
सिग्ने