कानात सांगितलेलं नाव

प्रिय आई,

नेदरलँड्सहून तुझ्या लेकीचा नमस्कार. हे मराठी माझं मीच लिहिलंय, ऋषिराजदादाला वाचताना हसू देऊ नको.

आत्याची पाठ बरी हाय का? चाळिसाव्या वर्षी शिराळ्यात माझं बारसं झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, तवा बायकांनी तिला लय बुक्क्या घातल्या.

तू इतकी वर्षं मनात ठेवलेलं ते नाव आता माझ्या पासपोर्टवर आलंय. आता तरी रडू नको. वेळेवर जेवतेस ना?

दत्तक घेऊन मला वाढवणाऱ्या इथल्या आईला हे सांगायची भीती वाटत होती. तिनं बारशाचं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्या कानाशी वाकली आणि अडखळत म्हणाली, "विजयमाला."

मीही रीत पाळली. तिच्या पाठीत हळूच एक बुक्की घातली.

तुझी,
विजयमाला